आधी येणारा घुमारा

१

माइकवाले सकाळी सहाला उठत, चहा स्वतः करत आणि साडेसहाला मधल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसत. त्यांचं खरं नाव घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. चौतीस वर्षं सभा, लग्नं, शाळांची संमेलनं, सगळीकडे त्यांनी कर्णे बांधले. गुडघे गेले तेव्हा कर्णे विकले, एक चांगला माइक ठेवला आणि घरातच गाणी तयार करायचं काम घेतलं. कान शाबूत होते. कान शाबूत असले की माणूस उपाशी मरत नाही.

त्यांच्या कामाला एक क्रम होता. आधी गळा, मग व्हायोलिन, मग बासरी, शेवटी ताल. प्रत्येकाची पातळी लावून झाली की मग घुमारा. घुमाऱ्याचं काम साधं आहे. आवाज जसा माइकमध्ये शिरतो तसा कोरडा असतो, तोंडाला फडकं लावून कानाशी बोलल्यासारखा. त्याचा थोडा वाटा एका खोलीत पाठवायचा. खोली तो घुमवून परत देते. तो परत आलेला घुमारा गाण्यात मिसळायचा. किती वाटा पाठवायचा ते ज्या कळीने ठरतं तिला सेंड म्हणतात. कळ शून्यावर असली की सगळं पाठवलं. उणे सहा, उणे बारा, उणे वीस असं खाली जाल तसं कमी. हिशेब उलटा आहे, पण सवय होते.

नवखा माणूस सेंड भसकन वाढवतो आणि गाणं विहिरीत पडतं. माइकवाले एकेका अंशाने वाढवत. "मीठ आणि सेंड," ते म्हणत, "वरून घालता येतं, काढता येत नाही."

त्या दिवसांत ते एकाच माणसाची गाणी लावत होते. त्यांच्या बायकोची. तिने वीस वर्षं मागच्या खोलीत मुलींना गाणं शिकवलं होतं. उन्हाळ्यात तिचा आवाज बसला, तो उठला नाही. घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेला अकरा दिवस होते. त्याआधीच्या तीन आठवड्यांत, घसा साथ देईल तेव्हा, कधी सकाळी दोन ओळी, कधी दुपारी एक, असं करत तिने नऊ गाणी माइकवर म्हणून ठेवली होती.

नंतर आवाज राहील की नाही, ते कुणी सांगत नव्हतं.

२

कॉम्प्युटरमध्ये तयार खोल्या मिळतात. मोठं सभागृह, दगडी जिना, तळघर, हवं ते. माइकवाल्यांनी दोन-तीन लावून दाखवल्या.

"ही कुणाची खोली?" ती म्हणाली. आवाज खरखरीत झाला होता, पण बोलण्याची धार तीच होती.

"कुणाची नाही. विकतची आहे."

"मग नको. वीस वर्षं ज्या भिंतींना माझं गाणं पाठ झालंय त्याच लावा. परक्या घरात गायला मी काय भाड्याची आहे?"

आपल्या खोलीचा घुमारा पकडायची एक रीत आहे. खोली रिकामी करायची. माइक उभा करायचा. दार लावून फटीतून लांब काठीने फुगा फोडायचा. तो एक फटाका आणि मागे उरलेला नाद कॉम्प्युटरला दिला, की त्या खोलीत कुठलाही आवाज घुमवता येतो. यात एकच नियम आहे. आत माणूस ठेवायचा नाही. माणसाचं अंग आवाज पितं, आणि मग जे पकडलं जातं ती नुसती खोली नसते.

त्या दिवशी माइकवाल्यांचा अंगठा दारात चेमटला होता. काठी धरवेना.

"द्या इकडे," ती म्हणाली, "मी आत उभी राहून फोडते. किती वेळ लागतो त्याला?"

"आत कुणी थांबायचं नसतं."

"मी कुणी आहे का? मी त्या खोलीतलं फर्निचर आहे."

ते हसले. चौतीस वर्षांत त्यांनी कामात सवलत घेतली नव्हती, ती त्या दिवशी घेतली. ती खोलीच्या मध्यावर उभी राहिली, डोळे मिटले आणि टाचणी लावली. आवाज विरेपर्यंत तिने श्वास रोखून धरला. मग दार उघडून म्हणाली, "झालं? मला वाटलं भिंती रागावतील."

३

चूक पहिल्या गाण्यातच कळली.

व्हायोलिन त्या खोलीत पाठवलं, बरोबर घुमलं. बासरी घुमली. गळ्याची सेंड उणे वीसवर ठेवली तेव्हाही काही जाणवलं नाही. उणे बारावर आणल्यावर माइकवाल्यांच्या मानेवर काटा आला. का आला ते लगेच कळेना. त्यांनी ओळ मागे घेऊन पुन्हा लावली. डोळे मिटून ऐकली.

घुमारा आधी येत होता.

पापणी लवावी एवढाच फरक. पण शब्द सुरू होण्याआधी त्याची सावली पडत होती. ती 'ये' म्हणणार, त्याच्या आधी खोली 'ये' म्हणून मोकळी.

यंत्रात आवाज कधी मागेपुढे होतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी सगळं तपासलं. वायरी काढून पुन्हा जोडल्या. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. व्हायोलिन त्याच कळीवर, त्याच पातळीला घुमवून पाहिलं. ते शहाण्यासारखं मागून येत होतं. मग त्यांनी बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"इको आधी येतोय."

"काका, आधी आला तर त्याला इको म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"आगाऊपणा म्हणतात." तो हसला. "सेटिंग हललं असेल. वरची कळ दाबा, सगळं शून्यावर जाईल."

त्यांनी दाबली. सगळं शून्यावर गेलं, पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

चिडून त्यांनी गळ्याची सेंड उणे सहावर नेली. आता फरक पापणीएवढा उरला नव्हता. खोली पूर्ण एक ओळ पुढे होती. ती पहिली ओळ गात होती आणि तिच्यामागे भिंतीपलीकडून तीच, तिच्याच गळ्याने, दुसरी ओळ गात होती. दुसऱ्या ओळीत एके ठिकाणी तिचा सूर किंचित चिरकला होता. तो चिरकाही खोलीने आधीच दिला.

माइकवाल्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. बाहेर बादलीत नळाचं पाणी पडत होतं. ते नेहमीसारखंच वाजत होतं.

४

डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसवून घेतलं. कमी बोलणारी बाई होती, म्हणून माइकवाल्यांचा तिच्यावर विश्वास होता.

"दोन रस्ते आहेत," त्या म्हणाल्या. "पूर्ण स्वरयंत्र काढलं तर रोग बहुतेक मुळासकट जाईल. आवाज जाईल, तो परत येणार नाही. दुसरा रस्ता, गाठीपुरतं काढायचं आणि बाकी ठेवायचं. आवाज राहू शकतो. पण कडेला काही उरलं तर पुन्हा उघडावं लागेल, आणि मधला वेळ हातचा जाईल."

"तुम्ही असता तर काय केलं असतं?" बायकोने विचारलं.

"मी गात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझं उत्तर तुमच्या कामाचं नाही. गुरुवारपर्यंत सांगा."

संध्याकाळी मेहुणा आला. तो निवृत्त पोस्टमन. रोज बहिणीला बघायला येई आणि बाहेरच्या खोलीत पाय पसरून बसे.

"यात विचार काय करायचा, भावोजी? जीव आधी. आवाज नसला म्हणून काय झालं? घरात बोलायचं काम इतकी वर्षं तिनेच केलं, आता तुम्ही करा."

"तुला काय," बहीण म्हणाली, "तू आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटलीस. स्वतःचं एक लिहिलं नाहीस."

"लिहायला कुणी होतं का? तुझ्यासारखी बहीण असताना मला बायको टिकली असती का?"

ती हसली. मग खोकला आला, आणि खोकल्याबरोबर डोळ्यांत पाणी. मेहुणा पाणी आणायला गेला तेव्हा ती हळूच म्हणाली, "अहो, मला मरायची भीती नाही हो. पण उठल्यावर मी तुम्हाला हाकसुद्धा मारू शकणार नाही, याची आहे. तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते मी करीन."

माइकवाल्यांना आयुष्यात कुणी इतकं जड काही हातात दिलं नव्हतं.

५

मंगळवारी सकाळी त्यांनी सेंड उणे तीनवर नेली. काम म्हणून नाही. कामाचं सोंग त्यांनी सोडलं होतं.

गाणं सुरू झालं तेव्हा खोलीचं गाणं संपत आलं होतं. मग घुमाऱ्यात गाणं नव्हतंच. नुसती खोली होती. खिडकीची कडी हलली. कुणीतरी चाललं. माइकवाले ती चाल झोपेतही ओळखतील. डावा पाय किंचित घासत. मग तिचा आजचा, खरखरीत आवाज आला, "अहो, बरणीचं झाकण कुठे ठेवलंत? सगळ्या मुंग्या झाल्या."

त्यांनी हेडफोन उतरवले. घर शांत होतं. ती न्हाणीघरात होती, पाण्याचा आवाज येत होता.

त्यांनी घड्याळ पाहिलं. मनाशी म्हणाले, तीन आठवडे माइक चालू असायचा, तेव्हाचंच काहीतरी चुकून राहिलं असेल. झाकण काय, ते रोजच हरवतं. हा विचार चांगला होता. तो पाव तास टिकला.

पाव तासाने मागच्या खोलीत खिडकीची कडी हलली. डावा पाय घासत ती मधल्या दारापाशी आली. हातात बरणी होती.

"अहो, बरणीचं झाकण कुठे ठेवलंत? सगळ्या मुंग्या झाल्या."

ते तिच्याकडे बघत राहिले.

"काय झालं? भूत बघितल्यासारखं काय बघताय? मी अजून आहे."

"झाकण खिडकीत आहे," ते म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला.

ती गेल्यावर त्यांनी टेबलाची कड धरली. ती भीती होती, पण नुसती भीती नव्हती. खोल पाण्यात बुडणाऱ्याच्या पायाला काहीतरी टेकावं तसं झालं. तो दगड आहे की कुणाची पाठ, ते बुडणारा बघत नाही.

उणे बाराला पापणी. उणे सहाला एक ओळ. उणे तीनला पाव तास.

मग शून्याला किती?

६

बुधवारी भर दुपारी, ती झोपलेली असताना, त्यांनी कळ शून्यावर नेली.

आधी काहीच आलं नाही. गाणं त्यांच्या कानात संपलं आणि तरी घुमाऱ्याची पातळी दाखवणारा काटा हलत राहिला. बाकी सगळे काटे खाली पडले होते. कुठलाही ट्रॅक काहीही पाठवत नव्हता. तरी परत येत होतं.

खोली ऐकू येत होती. ती त्यांच्या ओळखीची होती, कोपऱ्यातल्या कपाटाचा मंद दाब, छताचा थोडा चढा नाद. मग एक पुरुष बोलला. आवाज त्यांचाच होता, थकलेला.

"पाणी गरम झालं का?"

मग शांतता. माइकवाले खुर्चीत पुढे झुकले. शांतता लांबत गेली. आवाज गेलेल्या माणसाला पाटीवर उत्तर लिहायला लागतो तेवढा वेळ गेला. मागे एकटा उरलेला माणूसही रिकाम्या खोलीत बोलून उत्तराची तेवढीच वाट बघतो.

आणि तिने उत्तर दिलं.

"झालं. तुम्ही आधी घ्या."

स्वच्छ आवाज. खरखर नाही, खोकला नाही. दहा वर्षांपूर्वी या भिंतींतून बाहेर रस्त्यापर्यंत जायचा तसा.

माइकवाल्यांनी हेडफोन काढले आणि तोंड दोन्ही हातांत धरून रडले. बापाच्या अंत्ययात्रेलाही ते असे रडले नव्हते.

एक गोष्ट त्यांच्या कानाने ऐकली होती. कान नको ते ऐकतो, त्याला मालकाची भीड नसते. गाणारं माणूस बोलण्याआधी श्वास घेतं. गळ्याच्या पातळ्या लावताना प्रत्येक ओळीआधीचा तो श्वास कमी करण्यात त्यांची अर्धी सकाळ जाई. त्या उत्तराआधी श्वास नव्हता. शब्दांच्या मध्येही नव्हता. आवाज होता, आवाजामागे छाती नव्हती.

हे त्यांना कळलं. त्यांनी ते बाजूला सारलं. घुमाऱ्यात बारीकसारीक हरवतंच, ते स्वतःला म्हणाले. तहानलेला माणूस पाणी गाळून पीत नाही.

ती उठली तेव्हा ते तिच्या पायथ्याशी बसले होते.

"आवाज ठेवायचा," ते म्हणाले. "गाठीपुरतंच काढायचं. तुझा आवाज राहणार आहे."

"कशावरून?"

"मी ऐकलाय."

तिने उशी पाठीशी सरकवली. चेष्टा करेल असं त्यांना वाटलं. ती म्हणाली, "चौतीस वर्षं तुमच्या कानावर हे घर चाललं. मी आज कशाला शंका घेऊ?"

गुरुवारी त्यांनी कागदावर सही केली. अंगठा अजून दुखत होता, सही वाकडी आली.

७

पहिली शस्त्रक्रिया शनिवारी झाली. शुद्धीवर आल्यावर चौथ्या दिवशी ती दोन शब्द बोलली. कुजबुज होती, पण होती. माइकवाले दवाखान्याच्या जिन्यात जाऊन भिंतीला कपाळ टेकून उभे राहिले.

दहाव्या दिवशी तपासणीचा कागद आला. कडेला उरलं होतं.

दुसऱ्या वेळी सगळं काढलं. गळ्याला भोक ठेवलं, श्वास तिथून. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मास्क खाली केला. "तीन आठवडे गेले," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला दोष देत नाही. पण तीन आठवडे गेले. ते खाली सरकलंय. किती, ते पुढच्या महिन्यात कळेल."

मेहुण्याने त्यांना दवाखान्याच्या आवारात गाठलं. नेहमीची थट्टा नव्हती.

"कशावरून सांगितलंत तिला, भावोजी? कोणत्या डॉक्टरने तुम्हाला हे सांगितलं?"

"कुणीच नाही."

"मग?"

माइकवाल्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, आणि खरं बोलायची सोय नव्हती.

"मी तिला रोज बघायला येणार," मेहुणा म्हणाला. "तुमच्याशी बोलणार नाही. वाईट वाटून घेऊ नका. वाईट वाटलं तरी चालेल."

घरी येऊन माइकवाल्यांनी कॉम्प्युटरच्या वायरी उपटल्या. माइक फडक्यात गुंडाळला. सगळं खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. नऊ गाण्यांतलं एकही पुरं झालं नव्हतं. मागची खोली त्यांनी बाहेरून कडी घालून बंद केली. ते स्वतःला बजावत राहिले, वीज नाही, यंत्र नाही, मग काही नाही. नळ बंद केल्यावर पाणी येत नाही.

फक्त एक गोष्ट त्यांना रात्रंदिवस टोचत होती. यंत्र उपटताना त्यांनी कळ खाली आणली नव्हती. ती शून्यावरच होती.

८

ती घरी आली. बाहेरच्या खोलीत पलंग लावला. हातात पाटी आणि खडू. पहिल्या दिवशी तिने लिहिलं, "तोंड पाडून बसू नका. मी मेले नाही." दुसऱ्या दिवशी लिहिलं, "तुम्ही ऐकलं होतं ना?" माइकवाल्यांनी ती पाटी वाचली, ओल्या फडक्याने पुसली आणि परत दिली. तिने पुन्हा तो प्रश्न लिहिला नाही. पण त्या दिवसापासून ती बोलताना नुसते ओठ हलवू लागली, पाटी मांडीवर तशीच. ते ओठांवरून समजायला शिकले. काही चुकायचं, ती कपाळाला हात मारायची. कधीकधी दोघं हसतही.

अशा एका दिवशी दुपारी चार वाजता ते औषधं घेऊन परत आले. पलंग रिकामा होता.

ती मागच्या खोलीच्या दारापाशी होती. स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून तिथे बसली होती, दाराला पाठ लावून, डोक्याचा मागचा भाग फळीला टेकून. कडी बाहेरून होती तशीच. तिचे डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावर असं सुख होतं की माइकवाले उंबऱ्यावरच थबकले. कित्येक महिन्यांत त्यांनी तो चेहरा पाहिला नव्हता. मुली चुकेनाशा झाल्या की तिचा असा चेहरा व्हायचा.

दारापलीकडे ती बोलत होती.

स्वच्छ, भरदार, श्वासाशिवाय. काहीतरी रोजचं, उद्याच्या भाजीचं, धुण्याचं. मध्ये एकदा माइकवाल्यांचा स्वतःचा आवाज आला, "दुखतंय का फार?" त्यांनी स्वतः तोंड उघडलं नव्हतं. पण हेच विचारावं म्हणून त्यांनी जीभ टाळूला लावली होती.

"आता नाही दुखत," आतली म्हणाली.

बाहेरचीचे ओठ हलले. आता नाही दुखत.

तेव्हा त्यांना दिसलं. ती ऐकून पुटपुटत नव्हती. डोळे मिटून ती आपलंच बोलत होती, त्यांना उद्देशून, ते आल्याचं चाहुलीने कळून. शब्द तिचे होते, तिच्या मनातून येत होते. फक्त खोली ते तिच्या आधी म्हणत होती. तीन-चार शब्दांचं अंतर. त्यांच्या कानाने न विचारता ते मोजलं.

त्यांनी कळ शून्यावर ठेवली होती तेव्हा हे अंतर कित्येक आठवड्यांचं होतं. आता तीन-चार शब्दांचं उरलं होतं. ती मागून चालत चालत त्या आवाजाला गाठत आली होती.

"अगं," ते म्हणाले. औषधांची पिशवी खाली पडली. "अगं, ऊठ तिथून. चल, पलंगावर चल."

तिने डोळे उघडले नाहीत. मान किंचित हलवली, थांबा जरा, असं.

"तुम्ही जेवून घ्या," आतला आवाज म्हणाला, मायेने, थोडा दटावून. "मी जरा"

आणि थांबला.

तो विरला नाही. खोलीत आवाज थांबला तर त्याचा नाद मागे उरतो, हळूहळू मरतो. हा सुरीने कापल्यासारखा गेला. दारापलीकडे काही उरलं नाही. खोलीसुद्धा उरली नाही. त्या शब्दापुढे आधी म्हणून ठेवायला तिचं काहीच नव्हतं.

माइकवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. तुम्ही.

गुडघे मोडके होते तरी ते दोन ढांगांत तिच्यापाशी पोचले. जेवून.

"नको," ते म्हणाले, "नको बोलूस, काही बोलू नकोस, गप्प राहा, माझ्यासाठी गप्प राहा गं," आणि आपला रुंद, तारांनी घट्टे पडलेला तळहात त्यांनी तिच्या तोंडावर घट्ट दाबून धरला. गळ्यातल्या भोकातून तिचा श्वास त्यांच्या मनगटावर ऊन ऊन येत होता. तिने डोळे उघडले. तिला राग आला नाही. नवल वाटलं. हे काय हो, असं त्या डोळ्यांत होतं.

घ्या, असं त्यांच्या तळहाताखाली तिचे ओठ म्हणाले.

त्यांनी आणखी दाबलं.

मी.